पराभवानंतर छाया मंत्रिमंडळ: गोव्यात ते कसं उभं करायचं?

डिचोली_वकील

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते, वकिली करते आणि गेली नऊ वर्षं एका विरोधी पक्षाचं काम करते. पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला कामाबद्दल उत्तर हवं आहे, आणि नाव आलं की सगळं बोलणं नावाभोवतीच फिरत राहतं.

डिसेंबरातल्या जिल्हा पंचायतीच्या निवडणुकीत आमच्या मतदारसंघात आम्ही हरलो. थोडक्यात नाही, चांगल्या फरकाने. मतमोजणीच्या संध्याकाळी उमेदवाराच्या अंगणात वीस खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, त्यातल्या सहा भरल्या. उमेदवाराच्या आईने आम्हा सहाजणांना चहा दिला आणि विचारलं, "आतां फुडें कितें?" आमच्यापैकी एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही.

गेल्या रविवारी देवळाच्या अग्रशाळेत मंडळ समितीची बैठक झाली. विधानसभा निवडणूक आता लांब नाही, तोवर काय करायचं यावर बोलताना एका तरुण कार्यकर्त्याने शॅडो कॅबिनेटचा, म्हणजे छाया मंत्रिमंडळाचा विषय काढला. काहींना तो पटला. एक जुने कार्यकर्ते मात्र चिडले, "माणसं पाणी मागतात आणि आम्ही मंत्रिपदं वाटून घ्यायची?" शेवटी मला सांगितलं गेलं की पुढच्या रविवारपर्यंत दोन पानी टिपण लिहून आण, ते राज्य समितीकडे पाठवू.

जे मला माहीत आहे ते सांगते. ब्रिटनमध्ये ही जुनी रीत आहे. तिथे प्रत्येक मंत्र्यासमोर विरोधी बाकावर त्याच खात्याचा एक माणूस नेमलेला असतो आणि विरोधी पक्षनेत्याला १९३७ पासून सरकारी तिजोरीतून पगार मिळतो. आपल्याकडे महाराष्ट्रात २००५ मध्ये सेना-भाजपने हा प्रयोग केला, मार्च २०२० मध्ये मनसेने केला. ओडिशात चोवीस वर्षांची सत्ता गेल्यावर बिजू जनता दलाने २०२४ च्या जुलैमध्ये आपल्या आमदारांना खाती वाटून दिली. आपल्याकडच्या यातल्या कशालाही कायद्याचा आधार नाही.

मी अडकले ती आकड्यांवर. आपली विधानसभा ४० जणांची. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीमुळे मंत्री जास्तीत जास्त १२. आणि विरोधात आज सात आमदार, तेही चार पक्षांचे. ओडिशात त्यांच्याकडे पन्नास होते, वाटायला माणसं होती. आम्ही कोणाला काय देणार? पडलेल्या उमेदवारांना घ्यायचं का? आणि ज्याची मला खरी भीती वाटते ते शेवटी लिहिते. जुलै २०१९ मध्ये दहा आमदार एका रात्रीत पलीकडे गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये आठ गेले. आमचा छाया अर्थमंत्री उद्या उठून सत्ताधारी बाकांवर जाऊन बसला, तर गावात कोणत्या तोंडाने फिरायचं?

मडगावचा_व्यापारी

ताई, चारही पक्षांनी एकत्र येऊन एकच छाया मंत्रिमंडळ करावं, नाहीतर करूच नये. सात आमदारांची चार मंत्रिमंडळं झाली तर लोक तिसऱ्या दिवशी विसरून जातील.

पण एकत्र बसलात की पहिला वाद छाया मुख्यमंत्री कोण यावर होईल, आणि बाकीची खाती तिथेच राहतील. तेव्हा ते पदच ठेवू नका. विरोधी पक्षनेता विधानसभेत आहेच, तेवढं पुरे. आमच्याकडे बाजारात चार भागीदार दुकान काढतात तेव्हा पाटीवर कोणाचं नाव आधी यावर जे भांडतात, त्यांचं दुकान उघडतच नाही. मी तीस वर्षं बघतो आहे.

पर्वरी_जुना

बाय, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी सविस्तर लिहितो, कारण या कामात माझं आयुष्य गेलं आहे.

मी बावीस वर्षं आमदारांसाठी प्रश्न लिहिले. विधानसभा पणजीत आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात भरायची तेव्हापासून. २००० साली ती पर्वरीला गेली, मीही गेलो. वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांकडे काम केलं, बहुतेक वेळा ते विरोधात असताना. सत्तेत गेले की त्यांना माझी गरज राहायची नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कामच तसं होतं.

त्या वर्षांत मी दोन प्रकारचे विरोधी आमदार पाहिले. एक सकाळी सात वाजता फोन करायचा, "पेपरात काय आलं आहे? त्यावर लक्षवेधी टाक." त्याचं रोज छापून यायचं. पाच वर्षांत त्याने बहुधा प्रत्येक खात्यावर आवाज चढवला आणि एकाही खात्याचा कागद हलला नाही. दुसऱ्याने पहिल्याच अधिवेशनात मला सांगितलं, "मला एकच खातं दे. बाकीचं इतरांना करू दे." पाच वर्षं त्याने तेवढंच केलं. त्याच्या प्रश्नाचा दिवस असला की त्या खात्याचे अधिकारी गॅलरीत दुप्पट फायली घेऊन बसायचे. मंत्री उत्तर देताना त्याच्याकडे बघत नसे, मागे अधिकाऱ्यांकडे बघायचा. छाया मंत्री म्हणजे हा दुसरा माणूस. त्याला कोणी ते नाव दिलं नव्हतं, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं असं की खात्याला माणूस आधी द्या, घोषणा नंतर करा. वर्षभर एका खात्याची फाइल घेऊन बसणारा माणूस मिळाला तरच ते खातं भरा. नाही मिळाला तर ते रिकामं ठेवा. बारा नावं जुळवायच्या मागे लागलात तर सात नावं फक्त फोटोपुरती राहतील, आणि पत्रकाराने पहिला प्रश्न विचारला की ते उघडं पडेल.

तुमच्या आकड्यांचं उत्तर त्यातच आहे. सभागृहात प्रश्न फक्त आमदार विचारू शकतो, ते खरं. पण प्रश्न तयार करायला आमदार लागत नाही. मनसेने २०२० मध्ये शॅडो कॅबिनेट केलं तेव्हा त्यांचा विधानसभेत एकच आमदार होता, बाकी सगळी पक्षातली माणसं. गोव्यातही २०१५ मध्ये एका बिगरसरकारी संस्थेने सरकारचं काम तपासायला शॅडो कॅबिनेट केलं होतं. ती तर राजकीय पक्षही नव्हती. तेव्हा जोड्या करा. एक आमदार दोन-तीन विषयांचा आवाज होईल, आणि प्रत्येक विषयामागे आमदार नसलेला एक माणूस असेल, जो कागद सांभाळेल. तुमच्यासारखी वकील, निवृत्त अभियंता, गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजातून) निवृत्त झालेली परिचारिका, खाणीवर तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. पडलेला उमेदवार घ्यायचा का, तर काम करत असेल तर घ्या. पडला म्हणून घेऊ नका आणि पडला म्हणून टाळूही नका.

कोणते विषय? सरकारची खाती मोजत बसू नका, सरकारच्या खातेवाटपात त्यांची सोय असते. माणसाला जिथे दुखतं तिथून धरा. तुमच्या डिचोलीत पाणी आणि खाण. पाण्याचं ज्याच्याकडे असेल त्याला म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादाचा ऑगस्ट २०१८ चा निवाडा तोंडपाठ हवा: गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यात कळसा आणि भांडुरा या दोन नाल्यांतून मिळून वळवायचं पाणी ३.९ टीएमसी. आमच्याकडे म्हादईवर भाषणं करणारे खूप, पण हे आकडे विचारले की अर्धे गप्प होतात. खाणीचं ज्याच्याकडे असेल त्याने ७ फेब्रुवारी २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा मुळातून वाचलेला असावा. ८८ खाण लिजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण कोणत्या कारणाने रद्द झालं हे त्याला गावच्या ट्रकवाल्याला पाच मिनिटांत समजावून सांगता आलं पाहिजे. त्या ट्रकवाल्याचे हप्ते थकले होते, त्याला कारण कळायचा हक्क आहे.

तिसरा विषय जमीन. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७ (२) खालचे, जमिनीचा झोन बदलू देणारे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. गोवा फाउंडेशनसारख्या संस्था त्यासाठी कोर्टात गेल्या होत्या. अशा कामात सर्व्हे क्रमांक, क्षेत्र आणि आदेशाची तारीख हे तीन रकाने महिनोन्‌महिने भरत बसावं लागतं. त्याला टाळ्या मिळत नाहीत. पण जमिनीचा छाया मंत्री म्हणजे ते तीन रकाने भरणारा माणूस, दुसरं काही नाही.

हत्यारं आपल्याकडे तीनच. विधानसभेचे तारांकित आणि अतारांकित प्रश्न, पावसाळी अधिवेशनात खात्यांच्या मागण्यांवर चर्चा होते तेव्हाच्या कपात सूचना (मागितलेली रक्कम कमी करा असं सुचवून खात्याला जाब विचारायचा), आणि माहिती अधिकार. पहिली दोन आमदाराची. तिसरं दहा रुपयांचं आणि तीस दिवसांचं, ते तुमचंही आहे. ब्रिटनमध्ये विरोधी पक्षांना या कामासाठी १९७५ पासून सरकारी अनुदान मिळतं, आणि १९६४ पासूनची रीत अशी की निवडणुकीआधी विरोधी पक्षाला सनदी अधिकाऱ्यांशी बोलता येतं. आपल्याकडे यातलं काही नाही. तुमच्या छाया मंत्र्याला खात्यातला कारकून खुर्चीसुद्धा देणार नाही. तेव्हा एका विषयाला महिन्याला किती अर्ज, किती झेरॉक्स, पणजीला किती फेऱ्या, याचा हिशेब टिपणातच लिहा. पैशाचं आधी बोललं नाही की काम दुसऱ्या महिन्यात थांबतं. मी ते होताना पाहिलं आहे.

आता तुमची भीती. माणूस जाईल. गोव्यात जातो. ते थांबवायची विद्या माझ्याकडे नाही. उमेदवारांना देवळात, खुरसाकडे (क्रॉसपाशी) आणि दर्ग्यात नेऊन शपथा देण्याचा प्रकार २०२२ च्या जानेवारीत झाला, त्याच वर्षाच्या सप्टेंबरात काय झालं ते तुम्हीच लिहिलं आहे. पण माणूस जाताना काय घेऊन जातो ते तुमच्या हातात आहे. एक आमदार गेला तेव्हा त्याच्या कपाटातले चार वर्षांचे कागदही गेले, माझ्या हाताने लावलेले. नंतर आलेल्याने शून्यापासून सुरुवात केली. त्या कपाटाचं दुःख मला अजून आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून नियम करा की फाइल विषयाची, माणसाची नाही. प्रत्येक अर्जाची, प्रत्येक उत्तराची प्रत जोडीतल्या दुसऱ्याकडे आणि एक समितीकडे. आमदार गेला तर जाऊ दे, पाण्याचे कागद तुमच्या गावात राहतील.

काणकोणकार

पर्वरीच्या बाबांबद्दल आदर ठेवून लिहितो. मला हे पटत नाही.

मी सलग दोन विधानसभा निवडणुकांत बूथवर बसलो. आमच्या डोंगरावरच्या वाड्यावर पावसाळ्यात रात्री झाड पडून वीज गेली की लोक ज्याला फोन करतात, त्यालाच मत देतात. तो माणूस येतो, बॅटरी धरून उभा राहतो, लाइनमनला बोलावून आणतो. त्याला लवादाचा एकही आकडा येत नसेल. आम्ही हरलो ते त्या रात्री आम्ही तिथे नव्हतो म्हणून. फाइल नव्हती म्हणून नाही.

दुसरी गोष्ट. विरोधकाने आपलं धोरण आधीच सांगून टाकलं तर सत्ताधाऱ्यांना ठोकायला आयतं सापडतं. उद्या आमच्या छाया अर्थमंत्र्याने गृहिणींना दरमहा पैसे देणाऱ्या गृहआधार योजनेबद्दल अर्धा शब्द इकडेतिकडे बोलला, की संध्याकाळपर्यंत प्रत्येक वाड्यावर निरोप पोचेल की हे लोक बायकांचे पैसे बंद करणार. मग तुम्ही फाइल दाखवत फिरा. हरलेल्या कार्यकर्त्याला आधी गावात परत उभं राहायला शिकवा. तो खचलेला आहे.

पर्वरी_जुना

काणकोणकार, तुमची दुसरी गोष्ट खरी आहे, ती आधी घेतो.

ब्रिटनमध्ये १९९२ साली तसंच झालं. मजूर पक्षाचे छाया अर्थमंत्री जॉन स्मिथ यांनी निवडणुकीच्या तोंडावर पर्यायी अर्थसंकल्प मांडला आणि कर कोणावर वाढेल ते उघड सांगितलं. हुजूर पक्षाने करवाढीवरूनच प्रचार केला. एप्रिलमध्ये मजूर पक्ष हरला, सलग चौथ्यांदा. पण पुढचं बघा. त्यानंतर गॉर्डन ब्राऊन छाया अर्थमंत्री झाले आणि पाच वर्षं तिथेच राहिले. १ मे १९९७ ला निवडणूक झाली आणि ६ मे रोजी त्यांनी व्याजदर ठरवायचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडला देऊन टाकला. पाच दिवसांत. एवढा मोठा निर्णय पाच दिवसांत सुचत नाही, तो आधी विरोधी बाकावर तयार झालेला असतो. तेव्हा सगळं बोलून दाखवू नये, पण सगळं तयार असावं. गृहआधारसारख्या विषयावर छाया मंत्र्याने एकट्याने बोलायचं नाही, समितीत ठरल्याशिवाय एक शब्द नाही, हा नियम तुमच्यामुळे टिपणात आला पाहिजे.

पहिल्या गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी भांडेन. रात्री बॅटरी धरणारा माणूस पाहिजेच, त्याच्याशिवाय पक्ष नाही. पण तेच झाड दरवर्षी त्याच तारेवर का पडतं हे विचारणारा कोण? झाडं छाटायचं काम कोणाला दिलं, कधी दिलं, झालं का? बॅटरीवाल्याने रात्रीची तारीख सांगितली तरच कागदवाल्याला प्रश्न लिहिता येतो. मी ज्या दुसऱ्या आमदाराबद्दल लिहिलं, त्याचे निम्मे प्रश्न असेच आले होते, कोणीतरी गावातून फोन करून सांगितलेले.

आणि खचण्याबद्दल. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा, १६ जानेवारी १९६७ ला गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावर जनमत कौल झाला. फूल की दोन पानं. आमच्या घरचं मत फुलाला होतं, विलीनीकरणाला. आम्ही हरलो, ३४ हजार मतांनी. वडील त्या रात्री जेवले नाहीत. मोठा झाल्यावर मी तो काळ वाचून काढला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ३० जणांच्या त्या सभागृहात युनायटेड गोवन्स पक्षाचे १२ होते, सत्ता मगोची (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची) होती, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री होते. तरी जॅक सिक्वेरांच्या विरोधी पक्षाने एकच मागणी लावून धरली, की हा निर्णय सभागृहातल्या बहुमताने नको, लोकांना विचारा. ते दिल्लीला जाऊन बसले आणि ती मान्य करून घेतली. ज्यांनी माझ्या वडिलांना हरवलं त्यांच्याकडूनच मी हे शिकलो. संख्या कमी असलेल्याने एक विषय शेवटपर्यंत धरला तर काय होतं, ते आमच्या घरात आम्ही सोसलेलं आहे.

सत्तरीची_शिक्षिका

एक छोटी गोष्ट सुचवते, कोणी लिहिली नाही म्हणून.

विधानसभेत मिळणारी लेखी उत्तरं इंग्रजीत असतात, सोबतचे तक्तेही इंग्रजीत. आमच्या ग्रामसभेत येणारी माणसं मराठी वाचतात. प्रत्येक विषयाच्या जोडीला तिसरं माणूस द्या, ते उत्तर सोप्या मराठीत एका पानावर उतरवणारं. कोकणीतही करा. ग्रामसभेत ते वाचून दाखवा. मी एकदा आमच्या शाळेच्या दुरुस्तीवरचं एक उत्तर असं उतरवून वाचलं होतं. मागच्या रांगेत बसलेली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "हांगा बरयलां तें कोणें केलां? आमी पळोवंक ना." म्हणजे, इथे लिहिलं आहे ते कोणी केलं, आम्ही तर पाहिलं नाही. मुलांच्या पालकांनी तिथल्या तिथे ठराव मांडला. पंचायत सदस्यांना तो लिहून घ्यावा लागला.

डिचोली_वकील

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारची बैठक झाली, काय झालं ते सांगते.

टिपणाला मी "छाया मंत्रिमंडळ" हे नाव दिलंच नाही. वर "विषय आणि जबाबदारी" एवढंच लिहिलं. राज्य समितीला पुढे जे नाव द्यायचं ते त्यांनी द्यावं. छाया मुख्यमंत्री नाही, मडगावच्या दादांचं ते म्हणणं सगळ्यांना लगेच पटलं. चार पक्षांनी एकत्र यावं हेही लिहिलं आहे, पण ते वरच्या पातळीवर ठरेल. तोवर थांबायचं नाही असं आमच्या मंडळाने ठरवलं.

वाद झाला तो रिकाम्या खात्यांवर. मी आठ विषय लिहून नेले होते. माणसं विचारली तेव्हा चारालाच मिळाली: पाणी, खाण, जमीन आणि आरोग्य. शिक्षण रिकामं राहिलं म्हणून दोघेजण रागावले. शिक्षणावर आम्ही बोलायचंच नाही का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तुमच्यापैकी एकाने घ्या, आत्ता लिहिते. दोघंही विचार करून सांगतो म्हणाले. मी तो रकाना कोराच ठेवला आणि कोरा का आहे ते खाली लिहिलं.

जे जुने कार्यकर्ते पहिल्या बैठकीत चिडले होते, ते पूर्ण वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी विचारलं की खाणीचं ज्याला दिलं आहे त्याच्या जोडीला कोण? मग स्वतःच म्हणाले, मी बसतो, माझे दोन ट्रक २०१८ पासून उभे होते, कागद माझ्याकडे आहेत. काणकोणच्या दादांना हे मुद्दाम सांगते. खचलेला माणूस कशाने उठेल हे मला आधी माहीत नव्हतं.

जोडीचा नियम, प्रतींचा नियम, गृहआधारसारख्या विषयांवर एकट्याने न बोलण्याचा नियम, सगळं टिपणात आहे. सत्तरीच्या ताईंचं मराठी पानही आहे. महिन्याचा खर्च लिहिला आणि पहिल्या तीन महिन्यांचे पैसे तिथेच गोळा झाले.

पाणी माझ्याकडे आलं. विधानसभेत पाठवायला पहिला प्रश्न लिहिला आहे: "डिचोली तालुक्यात उन्हाळ्यात तीव्र पाणीटंचाई असते हे खरे आहे काय? असल्यास सरकार कोणती उपाययोजना करीत आहे?" काका, एकदा नजर टाकाल का?

पर्वरी_जुना

बाय, हा प्रश्न पाठवू नका. पहिल्या भागाला "नाही" असं उत्तर येईल आणि दुसऱ्याला "प्रश्न उद्भवत नाही". दोन ओळींत तुमचं अधिवेशन संपेल. "खरे आहे काय" हे शब्दच काढून टाका. मत विचारू नका, नोंद मागा. असं लिहा:

"२०२३, २०२४ आणि २०२५ या वर्षांत मार्च ते मे या काळात डिचोली तालुक्यातील प्रत्येक पंचायतीच्या प्रत्येक प्रभागात टँकरच्या किती फेऱ्या झाल्या, त्याची तारीखवार माहिती द्यावी. प्रत्येक फेरीत किती लिटर पाणी दिले, ते कोठून भरले, टँकर कोणाचा होता आणि त्यापोटी किती रक्कम दिली, ते सांगावे. फेऱ्यांच्या नोंदवहीची प्रत जोडावी."

"माहिती गोळा केली जात आहे" असं उत्तर आलं तर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा टाका, मागच्या प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख घालून. तेवढ्यात माहिती अधिकारातही तेच मागून ठेवा.

आणि यंदा तुमच्या वाड्यावर टँकर येईल तेव्हा तारीख आणि वेळ लिहून ठेवायला आजच कोणाला तरी सांगा. पुढच्या वर्षी नोंदवही हातात आली की ताडून बघायला लागेल.

डिचोली_वकील

सांगितलं. टँकर उमेदवाराच्या घरासमोरच थांबतो. त्याच्या आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला दोरीने पेन्सिल बांधून ठेवली आहे.